लाल बटण एकदाच दाबावे

अंकासाठी लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "करंदीकर, तुमच्या कामातलं काहीतरी गमतीचं लिहा. आपल्या मंडळात सगळे आयटीवाले नाहीतर बँकवाले. भट्ट्या दुरुस्त करणारे तुम्ही एकटेच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण काय हो, सिंगापूरला भट्टी लागते कुणाला?"

हा प्रश्न मला इथल्या नऊ वर्षांत इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर छापून खिशात ठेवावं असं वाटायचं. जिथे माणसं बारा महिने घामाने निथळतात तिथे मी तेल जाळून उष्णता करायच्या यंत्रांची देखभाल करत होतो. तुम्ही हॉटेलात ज्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर झोपता ती वाफेवर धुतलेली आणि वाफेवर इस्त्री केलेली असते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जे टोफू खाता ते वाफेवर शिजतं. वाफ बॉयलरमधून येते आणि बॉयलरच्या तोंडाशी डिझेल जाळणारा एक बर्नर बसवलेला असतो. बॉयलरचा लोखंडी देह इतरांचा, तोंडाशी बसलेला बर्नर माझा.

गंमत अशी की ही विद्या मी शिकलो चिंचवडच्या कारखान्यात, एका फाटक्या पुस्तकावरून, आणि ते पुस्तक होतं थंड देशांतल्या घरांच्या तळघरात असते त्या तेलाच्या भट्टीचं. बर्फ पडणाऱ्या गावातली बाई सकाळी उठते, घर गार पडलेलं असतं, ती तळघरात जाऊन काय काय तपासते, अशी त्यात चित्रं होती. मी त्या देशात कधी गेलो नाही, पण त्या बाईचं तळघर मला पाठ होतं. भट्टी घरची असो की लाँड्रीची, आतला जीव तोच असतो.

तो जीव कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. उष्णता हवी असा निरोप आला की आधी नुसता ब्लोअर सुरू होतो. ब्लोअर म्हणजे पंखा. तो अर्धा-पाऊण मिनिट आतली जुनी हवा, राहिलेली तेलाची वाफ, जे काही असेल ते धुराड्यातून बाहेर फेकतो. मग दोन इलेक्ट्रोडच्या टोकांमध्ये ठिणगी उडू लागते. मग झडप उघडते आणि नॉझलमधून तेलाचा फवारा येतो. ठिणगी फवाऱ्याला मिळाली की ज्योत. आता समोर एक काचेचा डोळा बसवलेला असतो, फोटोसेल. त्याला पाचेक सेकंदांत ज्योत दिसली पाहिजे. दिसली नाही तर कंट्रोल बॉक्स तेल बंद करतो, सगळं थांबवतो आणि एक लाल दिवा लावून बसतो. त्या लाल दिव्याचंच बटण असतं. ते दाबलं की सगळा खेळ पहिल्यापासून. त्याला रीसेट म्हणतात.

आता यातली मेख अशी की प्रत्येक फसलेल्या खेळात पाच सेकंदांचं तेल आत पडतं. एकदा पडलं तर पंखा ते निभावून नेतो. चार-पाचदा पडलं की आतल्या विटा तेल पितात, तळाशी तेल साचतं, आणि मग ज्या वेळी ठिणगी लागते त्या वेळी एका फवाऱ्याऐवजी ते सगळं तेल एकदम पेटतं. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला नियम: रीसेट एकदा दाबा. नाही पेटलं तर हात मागे घ्या आणि का पेटलं नाही ते शोधा. बाकी सगळी हुशारी त्यानंतरची.

गमतीचं लिहायचं तर टोफूवाल्या आंटी तान यांच्याबद्दल लिहायला हवं. साठीच्या, ठेंगण्या, एका हाताने कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्या हाताने कामगार हाकणाऱ्या. त्यांचा बर्नर रोज सकाळी रुसायचा आणि त्या रोज सकाळी पायातली चप्पल काढून कंट्रोल बॉक्सला दोन हाणायच्या. बर्नर चालू व्हायचा. माझ्या आधी आलेल्या दोन इंजिनिअरांनी पाचशे-पाचशे डॉलरचे नवे भाग बसवले होते, तरी चपलेशिवाय बर्नर ऐकत नव्हता. मी बॉक्स पायाच्या प्लेटवरून उचलला तर खालचा एक स्क्रू ढिला. चपलेच्या तडाख्याने तार टेकायची. मी स्क्रू आवळला, पाच मिनिटांचं काम. आठवड्याने आंटींचा फोन, तक्रारीच्या सुरात. म्हणाल्या, "आता सकाळी मारायला काही नाही. सगळा राग कामगारांवर निघतो."

किंवा जुरोंग आयलंड या तेलकारखान्यांच्या बेटाचं. तिथे जायचं म्हणजे आधी पास, मग कंपनीची बस, मग फाटकावर कॅमेऱ्याचा फोन जमा. एवढी तपासणी पार करून आत गेलो तर रोज दुपारी तीनला बंद पडणाऱ्या बर्नरचा रोग काय निघाला? तीनला पाळी बदलायची, आणि नवा माणूस आपलं जॅकेट ब्लोअरच्या तोंडावरच्या जाळीला लटकवायचा, वारा लागून वाळावं म्हणून. पंख्याला हवा मिळेना, ज्योत काळी पडे, डोळ्याला दिसेना. मी बिलावर 'जॅकेट काढले' असं लिहिलं. आमचे मालक मिस्टर चुआ यांनी ते खोडून 'हवेचा मार्ग मोकळा केला' असं केलं. धंदा कसा करावा हे त्या दिवशी मला कळलं.

अशा गोष्टी मी मंडळाच्या कोजागिरीला खूप सांगितल्या आहेत आणि लोकांनी दूध सांडेपर्यंत हसून दाद दिली आहे. पण बाईंनी लेख मागितल्यापासून मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा आंटी तान यांच्या चपलेपाशी थांबलो. कारण त्यापुढे पाक हाशिम येतात. त्यांना गाळून मी हा लेख लिहू शकत नाही, आणि त्यांना घेतलं की लेख गमतीचा राहत नाही. संपादकबाईंनी माफ करावं.

पाक म्हणजे मलाय लोकांत वडीलधाऱ्याला लावायचा शब्द, आपल्या काकांसारखा. पाक हाशिम लोयांगच्या एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर अटेंडंट होते. इथल्या कायद्याप्रमाणे बॉयलरपाशी परवानाधारक माणूस लागतो. त्यांचा परवाना चौतीस वर्षांपूर्वीचा, फ्रेम करून बॉयलरखोलीत लावलेला. वय बासष्ट. शर्ट नेहमी इस्त्रीचा. बॉयलरखोलीची फरशी अशी की तिथे पानं मांडून पंगत बसवावी. मी सर्व्हिसला गेलो की ते मला आधी खुर्चीवर बसवायचे, थर्मासमधला गोड चहा द्यायचे आणि मग वही उघडून गेल्या महिनाभरात बर्नरने काय काय केलं ते वाचून दाखवायचे. 'मंगळवारी ज्योत पिवळी, दहा मिनिटं.' 'शुक्रवारी पंख्याचा आवाज, नंतर गेला.' डॉक्टरला असा पेशंट आणि असा पेशंटचा नातेवाईक मिळणं दुर्मिळ. ते मला 'मिस्टर कर' म्हणायचे. करंदीकर म्हणायला त्यांना जमत होतं, पण ते म्हणाले, "लांब नाव घरासाठी ठेवा."

त्यांच्या खोलीत मी एक नोटीस लावली होती. सगळ्याच ग्राहकांकडे लावायचो, माझीच कल्पना होती आणि मला तिचा अभिमान होता. मोठ्या अक्षरात इंग्रजीत आणि खाली मलायमध्ये: लाल बटण एकदाच दाबावे. न पेटल्यास पुन्हा दाबू नये. फोन करावा. खाली माझा नंबर. मलाय मजकूर पाक हाशिम यांनीच तपासून दिला होता. मी केलेल्या भाषांतराप्रमाणे बटण दाबायचं नसून त्याला मिठी मारायची होती, असं त्यांनी हसत सांगितलं होतं.

ही गोष्ट २०१४ची. मी तेव्हा एम्प्लॉयमेंट पासवर होतो. पास म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्यात हा अंक जाईल त्यांच्यासाठी सांगतो: नोकरी आहे तोवर देश तुमचा. नोकरी गेली की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. आमची सई तेव्हा सोळा वर्षांची, ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा दोन महिन्यांवर. म्हणूनच नीलिमाने, माझ्या बायकोने, सत्यनारायण घातला. पासिर रिसच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी चौरंग मांडला, टेक्का मार्केटमधून केळीचे खुंट आणले. गुरुजी म्हणजे आपले पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघणारे आपटे. सोमवार ते शुक्रवार ताळेबंद, शनिवार-रविवार पूजा. वीस-बावीस माणसं हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली. मी कद नेसून नीलिमाच्या शेजारी पाटावर.

तिसरा अध्याय चालू असताना फोन वाजला. सई फोन घेऊन आली आणि खुणेने म्हणाली, लाँड्री. पूजेला बसलेल्या माणसाने उठायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. प्रसाद न घेता उठलेल्यांचं काय होतं हेच तर त्या कथेत सांगितलेलं असतं. मी फारसा देवभोळा नाही, पण मुलीच्या परीक्षेची पूजा मोडायची हिंमत मला झाली नाही. मी सईला जवळ बोलावलं. तिने फोन माझ्या कानाला लावून धरला.

पाक हाशिम होते. आमचं बोलणं त्यांच्या इथल्या इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत देतो.

"मिस्टर कर, सॉरी ला, संडेला त्रास देतोय. लाल दिवा. एकदा दाबलं, पेटलं नाही. तुम्ही येता?"

आमच्या घरापासून लोयांगची लाँड्री टॅक्सीने दहा मिनिटांवर होती.

"आत्ता नाही येऊ शकत," मी कुजबुजलो. "तासाभराने येतो. तोवर पुन्हा दाबा."

"मॅनेजर ओरडतोय. तीन हॉटेलांच्या चादरी अडकल्यात. पण नोटीस म्हणते, एकदाच."

"नोटीस मीच लिहिली आहे, पाक हाशिम. दाबा. पाच-पाच मिनिटं थांबून तीन-चारदा दाबा, पेटेल."

आपटे गुरुजी वाचता वाचता थांबले होते. हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे. मी सईला हाताने खूण केली, बंद कर. तिने फोन बंद केला. गुरुजींनी पुढे वाचायला घेतलं.

साडेअकराला आरती झाली, तीर्थ झालं, मी शिऱ्याचा पहिला घास तोंडात घातला आणि पुन्हा फोन आला. या वेळी लाँड्रीचा मॅनेजर, मिस्टर ओंग.

चौथ्या वेळी पेटलं होतं. बॉयलरच्या पुढच्या दाराचं सील फाटलं, बघायची काच फुटली आणि आग फुटभर बाहेर आली. पाक हाशिम पॅनेलपाशी उभे होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, कपाळावर फोड. जीव वाचला. डोळे वाचले. मी गेलो तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती आणि पांढऱ्या फरशीवर काजळीचा एक पंखा उमटलेला होता.

मी बर्नर उघडला. इलेक्ट्रोडच्या चिनी मातीच्या नळीला केसाएवढा तडा. ठिणगी टोकापर्यंत न जाता मधूनच बर्नरच्या अंगाला उडत होती. वीस डॉलरचा भाग. मी तिथे असतो तर पहिल्या दहा मिनिटांत दिसला असता.

त्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. त्यांचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, चेहऱ्यावर मलम. त्यांची बायको दाराशी बसली होती, तिने मला ओळखून मान हलवली. मी म्हटलं, "पाक हाशिम, मी त्यांना सांगतो की मी..."

त्यांनी डावा हात वर केला. "मी सांगितलं, मी दाबलं. बस. फोनचं मी बोललो नाही. तुमचा पास आहे. पास कॅन्सल, मुलीची शाळा कॅन्सल. मी इथलाच, मला कोण कुठे पाठवणार?" मग त्यांनी विचारलं, "मशीन उघडलं?"

"इलेक्ट्रोडला तडा आहे."

"मग तसं लिहा. मशीनचा दोष. मशीन म्हातारं झालं, कुणाला त्रास नको."

मी हो म्हटलं. नको म्हणणाऱ्या माणसाचं मी आयुष्यात इतक्या पटकन कधी ऐकलेलं नाही. माझी भीती तिथल्या तिथे उतरली. त्याची मला आजही शरम वाटते.

घरी आलो तर सई जागी होती, पुस्तक उघडं ठेवून. मराठीत विचारलेल्याला ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण त्या दिवशी तिने स्वतःहून मराठीत विचारलं, "बाबा, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? तुम्हीच त्या अंकलना दाबायला सांगितलं होतं ते?"

"तू अभ्यास कर," मी म्हटलं. तिने पुस्तकात मान घातली आणि तो विषय परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या ऑफिसात मिस्टर चुआ यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात सर्व्हिस रिपोर्टचा कोरा फॉर्म. त्यात एक रकाना असतो, कारण. मी इलेक्ट्रोडबद्दल सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हिस कुणी केली?"

"मी."

"तडा तेव्हा होता?"

"माहीत नाही. बहुतेक नव्हता."

"बहुतेक म्हणून विमा कंपनी ऐकणार नाही. मशीनचा दोष लिहिलास तर तो आपला दोष. मग लाँड्री जाईल, आणि ती गेली की मी तुला कुठल्या पगारावर ठेवू?" त्यांनी माझ्या नोटिशीचा फोटो टेबलावर ठेवला. "ही तूच लावलीस ना? चांगलं केलंस. फार चांगलं केलंस. काय घडलं ते लिही. एकदा दाबायचं असताना त्याने किती वेळा दाबलं?"

मी लिहिलं: 'स्पष्ट लेखी सूचना असूनही ऑपरेटरने रीसेट वारंवार दाबल्याने ज्वलनकक्षात तेल साचले.' इलेक्ट्रोडचा तडा खाली 'इतर निरीक्षणे' मध्ये, बारीक अक्षरात. वर माझी सही. रिपोर्टात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला तो लिहिता आला.

मिस्टर चुआ वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला हवं. त्यांना मी फोनचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, कुणास ठाऊक. दोष त्यांच्या माथी मारायचा मोह होतो, पण पेन माझ्या हातात होतं.

विम्याने हॉस्पिटलचा खर्च केला, रजेचा पगारही मिळाला. पण हात बरा होऊन पाक हाशिम कामावर गेले तेव्हा मिस्टर ओंग यांनी तो रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि करार पुढे वाढवायला नकार दिला. हे मला लाँड्रीतल्या सुपरवायझरने सांगितलं. पाक हाशिम यांनी म्हणे तो कागद दोनदा वाचला, खालची सही बघितली, भिंतीवरून परवान्याची फ्रेम उतरवली आणि गेले. लेखी सूचना न पाळणारा, असा शिक्का बसलेल्या बासष्ट वर्षांच्या अटेंडंटला दुसरा बॉयलर कोण देणार? चौतीस वर्षं ज्याच्या खोलीत एकदाही अपघात झाला नाही तो माणूस माझ्या एका वाक्याने निष्काळजी ठरला.

त्यांनी मला फोन केला नाही. केला असता तर मी काय बोललो असतो याची तयारी मी कितीतरी दिवस करत होतो.

दोन वर्षांनी मला ते दिसले. पासिर रिसच्याच एका हॉकर सेंटरमध्ये, टेबलांवरची उष्टी ताटं ढकलगाडीत गोळा करताना. शर्ट इस्त्रीचा, बाही मनगटापर्यंत खाली. टेबल पुसायची त्यांची पद्धतही तीच, कोपऱ्यापासून मध्याकडे. माझ्या हातात ताट होतं. मी ते घेऊन वळलो आणि पार पलीकडच्या टोकाला, खांबाआड जाऊन बसलो. पन्नाशी उलटलेला, दोन देशांत नाव कमावलेला इंजिनिअर, आणि खांबाआड बसून भात गिळतोय. त्यानंतर मी त्या हॉकर सेंटरमध्ये गेलो नाही. नीलिमा विचारायची, तिथली इडली बरी असते, इतक्या लांब कशाला जायचं? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

२०१७मध्ये आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला. आता कुणी मला महिनाभरात घालवू शकत नव्हतं. म्हणजे माझ्याकडे जी एक सबब होती ती सरकारने शिक्का मारून काढून घेतली. तरी मी आणखी दोन वर्षं घालवली. कामाचा व्याप, आईचं आजारपण, सईचं युनिव्हर्सिटीत जाणं, सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. माणूस बर्नरसारखा नसतो. आत कितीही साचलं तरी लाल दिवा लागत नाही, तो आपला चालतच राहतो.

गेल्या मार्चमध्ये गुडघ्यांनी शिड्या चढायला नकार दिला आणि मी निवृत्त झालो. निरोपाच्या जेवणात मिस्टर चुआ यांच्या मुलाने भाषण केलं. आता धंदा तोच बघतो. त्यात तो म्हणाला की मिस्टर करंदीकर यांची नोटीस आजही आमच्या प्रत्येक ग्राहकाच्या भिंतीवर आहे आणि तिच्यामुळे एका मोठ्या दाव्यातून कंपनी वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन कागद घेतला.

दोन पानी पत्र लिहिलं, इंग्रजीत. कंपनीला एक, लाँड्रीला एक. त्या सकाळी फोन आला होता, ऑपरेटरने नियमाप्रमाणे बटण एकदाच दाबून मला एकदा विचारलं होतं, त्याने नोटिशीची आठवण करून दिली होती, तरीही पुन्हा पुन्हा दाबायला मी सांगितलं, तो रिपोर्ट मी अर्धवट लिहिला, दोष माझा. लाँड्रीत मी स्वतः गेलो. मिस्टर ओंग केव्हाच सोडून गेले होते, बॉयलर भंगारात निघाला होता, जागी गॅसवरचं नवं यंत्र. नव्या मॅनेजरबाईंनी पत्र वाचलं, मला पाणी दिलं आणि नम्रपणे विचारलं, "सर, हे हाशिम कोण?"

सुपरवायझरकडून पत्ता मिळाला. आमच्या ब्लॉकपासून बसचे चार थांबे. इतकी वर्षं आम्ही एकाच बाजारातून भाजी घेत असणार.

दार त्यांनीच उघडलं. सदुसष्ट वर्षांचे झालेले, वाळलेले. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. "मिस्टर कर," ते म्हणाले. "मुलगी कशी आहे?"

मी सांगितलं, युनिव्हर्सिटीत आहे. "गुड," म्हणाले आणि मला आत घेतलं. त्यांच्या बायकोने चहा आणला. उजव्या हाताची कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसत होती. मी पत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "हे मी दोघांना दिलं आहे. पाच वर्षं उशीर झाला. मला माफ करा."

त्यांनी चष्मा लावला. पूर्वी वही वाचायचे तसंच, एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचू लागले. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पहिल्या पानावर आलं.

"इथे चूक आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"तुम्ही लिहिलंय, मी एकदा विचारलं. दोनदा विचारलं. एकदा नोटीस म्हणालो, तुम्ही म्हणालात दाबा. मग मी परत विचारलं, 'मिस्टर कर, नक्की ना?' तेव्हा फोन बंद झाला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मंगळवारी ज्योत पिवळी होती, हे सांगताना असायचा तोच आवाज. "मी फोन हातात धरून थांबलो. वाटलं तुम्ही परत कराल. दहा मिनिटं थांबलो."

मला ऐकू आलं होतं. हे मी आजवर नीलिमालाही सांगितलेलं नाही. मी सईला खूण केली ती त्यांचा प्रश्न कानात असतानाच केली होती. पत्र लिहिताना त्या वाक्यापाशी आलो तेव्हाही ते मला आठवलं होतं, आणि एकदा विचारलं असं लिहून मी पुढे गेलो होतो.

मी खिशातून पेन काढलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, 'एकदा' खोडून वर 'दोनदा' लिहिलं. समासात लिहिलं की दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उत्तर न देता फोन बंद करायला लावला आणि परत केला नाही. खाली सही केली.

त्यांनी ते पुन्हा वाचलं, बोट फिरवत. "आता बरोबर आहे," म्हणाले.

मी थांबलो. हॉस्पिटलमध्ये हात जळालेला असताना या माणसाने मला सोडवलं होतं. आताही ते काहीतरी म्हणतील, जाऊ दे म्हणतील, असं मला वाटत होतं, आणि त्याचसाठी मी आलो होतो हे मला तिथे बसल्यावर कळलं.

पाक हाशिम यांनी कागदाची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चहा प्या, मिस्टर कर. थंड होतोय."